कनवटीतले चिंचोके

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगर गुडघ्याएवढे होते आणि तुमच्या पणजोबांच्या पणजोबांना अजून स्वतःचा शेंबूड पुसता येत नव्हता. त्या काळी एका राज्याच्या अगदी कडेला एक गाव होतं. गावात देऊळ होतं, चावडी होती, भांडणं होती. गावाला जे जे लागतं ते सगळं होतं. फक्त शाळेत पोरं नव्हती.

शाळा होती. शेणाने सारवलेली जमीन होती, ओळीने मांडलेल्या धूळपाट्या होत्या. फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने अक्षर काढायचं, चुकलं की तळहाताने पुसून टाकायचं. छडीही होती. आणि छडी होती म्हणूनच पोरं नव्हती. एक पंतोजी आले, त्यांनी छडी मारून मारून मोडली. दुसरे आले, त्यांनी नवी आणली. तिसरे तर येतानाच मोळी बांधून घेऊन आले. पोरं शाळेसमोरच्या चिंचेवर चढून बसली ती बसलीच.

मग चौथे पंतोजी आले. अंगाने काडी, मिशा मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या. बायको वारलेली, मूलबाळ नाही, सगळा संसार एका गाठोड्यात. त्यांनी पहिल्याच दिवशी छडी उचलली, शाळेमागच्या वाफ्यात रोवली आणि तिच्यावर दोडक्याचा वेल चढवला. गावातल्या शहाण्यांनी एकमेकांकडे बघून माना हलवल्या. शहाण्यांना दुसरं काम तरी काय असतं.

पंतोजी आत गेले. समोर एकही पोर नव्हतं. ते मांडी घालून बसले आणि रिकाम्या धूळपाट्यांना शिकवायला लागले. आवाज असा लावला, की चिंचेच्या शेंड्यावर ऐकू जावा.

"ऐका. म्हशीला पाय पाच. बेडकाला शेपूट लांब. आणि कोंबडीला दात बत्तीस."

झाडावर खुसखुस झाली. मग कुंभाराच्या पोराला राहवलं नाही.

"ओ पंतोजी, कोंबडीला दात नसतात."

"कशावरून म्हणतोस?"

"आमच्या घरी आहेत कोंबड्या."

"असतील. पण मी पंतोजी आहे. मी म्हणतो बत्तीस. तुझं खरं असेल तर कोंबडी आण आणि तोंड उघडून दाखव."

पोर झाडावरून उतरलं, घरी पळालं आणि काखेत कोंबडी धरून आलं. त्याच्यामागे गंमत बघायला सगळं झाड खाली उतरलं. कोंबडीने तोंड उघडलं, पंतोजींच्या बोटाला चोच मारली आणि धूळपाटीवर जे करायचं ते करून ठेवलं. पंतोजींनी वाकून नीट पाहिलं.

"चुकलो बुवा," ते म्हणाले, आणि दोन्ही कान धरून त्यांनी भर शाळेत एक उठाबशी काढली.

आता तुम्हीच सांगा, पंतोजींना उठाबशी काढताना बघायला मिळत असेल तर कुठलं पोर झाडावर बसेल?

तिथून त्या शाळेचा रिवाजच पडला. पंतोजी रोज सकाळी चिंचेखाली वाकून चिंचोके वेचायचे आणि धोतराच्या कनवटीला खोचायचे. त्या दिवशी जितक्या चुका पेरायच्या तितके चिंचोके. हो, पेरायच्याच. शेतकरी दाणे पेरतो तशा ते शिकवण्यात चुका पेरायचे. खऱ्याच्या दोन ओळींमध्ये एक खोटी, अगदी सरळ चेहऱ्याने. ज्याला ती सापडेल त्याने हाळी द्यायची, "चूक." मग खरं काय ते सांगायचं. पंतोजींनी कान धरून उठाबशी काढायची आणि कनवटीतला एक चिंचोका त्या पोराच्या हातावर ठेवायचा. शाळा सुटताना कनवट रिकामी झाली म्हणजे दिवस चांगला गेला. चिंचोका उरलाच, तर कुठली चूक निसटली ते शोधत पोरं अंधार पडेस्तोवर हटायची नाहीत. आया हाका मारून दमायच्या.

अशाने पोरं भलतीच तल्लख झाली. गावाला त्याचा तापही झाला. देवळात पुजाऱ्याने तिथी चुकीची सांगितली, की मागून बारीक आवाज यायचा, "चूक." वाण्याने तागडी कलती धरली, की "चूक." पाटील चावडीवर आपल्या शौर्याची गोष्ट सांगायचे, त्यात वाघ दरवर्षी वीतभर वाढायचा, तिथेही "चूक." पाटील मिशीला पीळ भरत म्हणायचे, "या पंतोजीने कारटी बिघडवली." पण त्यांची नातवंडंही त्याच शाळेत होती आणि वाण्याचा हिशेब तीच तपासायची, म्हणून पाटील म्हणायचे आणि गप्प बसायचे.

वर्षं गेली. पंतोजींच्या मिशा पिकल्या. उठाबशी काढताना गुडघे कुरकुरायला लागले, तर पोरं म्हणायची, "पंतोजी, दार वाजतंय." तेही हसायचे.

एक दिवस संध्याकाळी शाळा सुटायच्या बेताला होती. पंतोजी जनावरांची माहिती सांगत होते. "गाईच्या पिलाला करडू म्हणतात," ते म्हणाले.

"चूक," म्हाळू ओरडली. म्हाळू गुराख्याची पोर. ती करडूवर फसणार होती होय? "करडू शेळीचं. गाईचं वासरू."

पंतोजींनी कान धरले, उठाबशी काढली, कनवटीत बोटं घातली. कनवट रिकामी होती.

म्हाळू हात पसरून उभी होती. पंतोजींनी कनवट उलटी करून पाहिली. त्या दिवशीच्या सगळ्या चुका केव्हाच सापडून गेल्या होत्या. हे करडू त्यांनी पेरलं नव्हतं. ते आपोआप उगवलं होतं.

"चिंचोका द्या ना," म्हाळू म्हणाली. मग तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात हळूच परकरामागे नेला. "राहू दे. उद्या द्या."

त्या दिवशी घरी जाताना पंतोजी सारी वाट स्वतःशी "वासरू, वासरू" म्हणत गेले. आणि दाराशी पोचल्यावर कडी कशी काढायची, ते त्यांना थोडा वेळ आठवेना.

पुढे असं वरचेवर व्हायला लागलं. कधी महिना गळायचा, कधी पाढा मधेच वळण चुकून दुसऱ्याच पाढ्यात शिरायचा. पंतोजींनी फार विचार केला. मग ते चिंचोके मोजेनासे झाले. सकाळी मूठभर उचलायचे आणि तसेच खोचायचे. कुठली चूक पेरलेली आणि कुठली उगवलेली, हे त्यांचं त्यांनाच कळेनासं झालं होतं. पण त्याचं त्यांना भय वाटत नव्हतं. पोरांनी "चूक" म्हटलं की ते थांबायचे, खरं काय ते पोरांकडून ऐकायचे आणि तिथून पुढे चालू लागायचे. आंधळ्याने काठीने वाट चाचपावी तसं. शाळा चांगली चालली होती. उलट पोरं आणखीच जागी झाली होती. मी हरवतोय खरा, पंतोजी मनात म्हणायचे, पण ही पोरं मला रोज शोधून परत आणतात.

हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. मग एका दुपारी पंतोजी पाटलांच्या ओसरीवर चढले, आपलंच घर असल्यासारखं पागोटं खुंटीला लावलं, पाटावर बसले आणि आत बघून म्हणाले, "वाढतेस ना गं? भूक लागलीय."

पाटलीणबाई जेवणाचं आवरून बसल्या होत्या. पंतोजींनी त्यांना कधी अगं-तुगं केलं नव्हतं. त्या समजल्या. त्यांनी ताट वाढलं. पंतोजी पोटभर जेवले, "आज आमटी छान झालीय" म्हणाले आणि मग एकदम त्यांची नजर ताटावरून पाटलीणबाईंवर गेली. ते गडबडून उठले. पागोटं विसरून तसेच उन्हात चालू लागले.

पाटलीणबाईंनी ते पागोटं खुंटीवरून काढून जपून आत ठेवलं. मनाने फार चांगली बाई. आणि चांगल्या माणसांनी एकदा भलं करायचं मनावर घेतलं, की त्यांना कोण अडवणार.

त्याच आठवड्यात राजाचा पारखी यायचा होता. त्या राज्यात दरवर्षी पाडव्याआधी पारखी गावोगाव फिरायचा. शाळेत बसायचा, पोरांना आलं की शाळा पास, नाही आलं तर पंतोजींनी गाठोडं बांधायचं. पंतोजी या गावाबाहेर गेले असते तर कुठे गेले असते? नदीपलीकडे एक भाची होती, तिलाच तिची नऊ पोरं. त्यांना होती ती ही शाळा.

पण पंतोजींना धाकधूक नव्हती. आपण चुकणार, हे ते जाणून होते. पोरं ओरडणार, हेही जाणून होते. पारखी ते ओरडणं ऐकेल आणि म्हणेल, वा, काय पोरं आहेत. आदल्या दिवशी त्यांनी धोतर धुतलं आणि झाडाखाली बसून चांगले टपोरे चिंचोके निवडून ठेवले.

तिकडे पाटलीणबाईंनी पोरांना परसात बोलावून गुळाचे खडे वाटले.

"उद्या पारखी येईल," त्या म्हणाल्या. "पंतोजी काय बोलतील ते बोलू द्या. कुणी चूक म्हणायचं नाही."

"मग उठाबशा?" त्याच कुंभाराच्या नातवाने, गेनूने विचारलं.

"नाहीत. म्हाताऱ्या माणसाला परक्यादेखत कान धरायला लावता, लाजा नाही वाटत?"

पोरांना आजवर त्यात लाज असते हे माहीतच नव्हतं. ती एकमेकांकडे बघायला लागली.

"पण त्यांना आवडतं, काकू," म्हाळू म्हणाली.

"तुला काय कळतंय? वरून हसतात ते. आतून किती लागत असेल. आता त्यांना आठवत नाही, बाळा. खरंच आठवत नाही. त्यांची अब्रू आपण झाकायची. शपथ घ्या."

पोरांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. म्हाळूने सगळ्यांत शेवटी घेतली. तिला गूळ कडू लागला, असं ती पुढे सांगायची.

दुसऱ्या दिवशी पारखी आला. मोठं पोट, छोटे डोळे. भिंतीला टेकून बसला. दारात पाटील, पाटलीणबाई आणि बाकी गाव. पंतोजींनी कनवट चाचपली, घसा खाकरला आणि सुरुवातीलाच एक मोठी, कुणालाही दिसेल अशी चूक पेरली.

"मुलांनो, सूर्य पश्चिमेला उगवतो."

आणि हात कानाकडे नेऊन वाट बघत उभे राहिले.

कुणी बोललं नाही.

पंतोजींना वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्यांनी जरा मोठ्याने पुन्हा सांगितलं. गेनूने ओठ इतके आवळले होते, की पांढरे पडले होते. म्हाळू धूळपाटीकडे बघत होती. पारख्याने जांभई दिली.

पंतोजींचा हात हळूहळू खाली आला. ते थोडे वळले आणि त्यांनी दारातून बाहेर, उन्हाकडे पाहिलं. सकाळचं ऊन चिंचेच्या एका अंगाला पडलं होतं. ती बाजू कुठली? पोरं गप्प आहेत. पोरं कधी गप्प बसत नाहीत. म्हणजे मग पश्चिमच असेल.

त्यांनी पुढचं सांगायला घेतलं. "चैत्र, वैशाख, आषाढ," म्हणाले, थांबले. कुणी ज्येष्ठ आणून दिला नाही. सात आठे चौपन्न म्हणाले, थांबले. मग त्यांना पुढचं वळण सापडेना. काठी हातातून गेलेल्या माणसासारखे ते मधेच उभे राहिले, एकेका पोराच्या तोंडाकडे बघत. ज्याच्याकडे बघतील ते पोर मान खाली घालत होतं.

पारख्याने गेनूला उभं केलं. "सूर्य कुठे उगवतो रे?"

गेनूने दाराकडे पाहिलं. पाटलीणबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या नुसत्या मानेने नको म्हणाल्या.

"पंतोजी म्हणाले तिकडे," गेनू म्हणाला.

"आणि सात आठे?"

"पंतोजी म्हणाले तेवढे."

पारखी गुडघ्यावर हात टेकून उठला. "म्हातारा चुकतो, ते मी सोडून दिलं असतं," तो पाटलांना म्हणाला. "मीही म्हातारा होणार आहे. पण या शाळेत एकही पोर जागं नाही. इतकी वर्षं या माणसाने केलं काय?"

तेव्हा पाटलीणबाई पदर सावरत पुढे झाल्या. "अहो, पोरांना सगळं येतं. मीच त्यांना गप्प बसवलं."

"येतं, तर विचारल्यावर सांगितलं का नाही?" पारखी म्हणाला. "आता तुम्ही म्हणाल तसं ती म्हणतील. मी पाहिलं ते पाहिलं." आणि तो घोड्यावर बसला. मागून पोरं पळत सुटली, "पूर्वेला, पूर्वेला, छप्पन्न, ज्येष्ठ," असं ओरडत. पारख्याला वाटलं, गावाकडची पोरं आहेत, घोडा बघून ओरडत असतील.

संध्याकाळी पंतोजी गाठोडं बांधत होते. म्हाळू दाराशी येऊन उभी राहिली.

"खरं सांग म्हाळू," ते म्हणाले. "सूर्य कुठे उगवतो?"

"पूर्वेला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

पंतोजी गाठ मारायचे थांबले. रागावले नाहीत. त्यांना रागवायला कधी आलंच नाही.

"चुकायची मला लाज नव्हती गं," ते म्हणाले. "तुम्ही ओरडत होता तोवर मला वाट दिसत होती. आज मी तुमच्याकडे बघितलं आणि मला वाटलं, मी बरोबर आहे. एवढा एकटा मी कधी पडलो नव्हतो."

म्हाळू जवळ आली. त्यांनी कनवटीतले चिंचोके काढून तिच्या ओंजळीत ओतले. एकही कमी झाला नव्हता.

पाडव्यानंतर पाचवे पंतोजी आले. त्यांनी दोडक्याचा वेल उपटला आणि छडी धुऊन पुसून आत आणली. ते कधी चुकत नसत, निदान तसं कुणी म्हणत नसे. एकदा त्यांच्याही तोंडून सात आठे चौपन्न निघालं. पोरांनी ते एका सुरात म्हटलं आणि पाठ केलं. त्या पोरांना पोरं झाली, त्यांनीही तेच पाठ केलं. अजून त्या गावचा माणूस धान्य विकायला बाजारात गेला की वाणी खूश असतो, आणि का खूश आहे हे गावाला अजून कळलेलं नाही. पाटलांचा वाघ आता देवळाच्या कळसाएवढा झाला आहे.

आणि पंतोजी? ते नदीपलीकडे भाचीच्या अंगणात बसून असत. एकेक करून सगळं गेलं. गावाचं नाव गेलं, बायकोचं नाव गेलं, शेवटी स्वतःचंही. समोर कोंबड्या दाणे टिपत असत, त्यांना ते शिकवत. एक वाक्य बोलायचं आणि मान कलती करून थांबायचं. कशासाठी थांबतो, हे त्यांना सांगता आलं नसतं. फक्त बोलून झाल्यावर काहीतरी यायचं असतं आणि ते येत नाही, एवढं त्यांना कळत असे. भाचीची पोरं हसून निघून जात.

एका सकाळी अंगणात एक बाई आली. कडेवर मूल, पायाला नदीचा चिखल. पंतोजींनी तिला ओळखलं नाही. ती म्हाळू होती, पण हे त्यांना कुठलं कळायला. ती समोर जमिनीवर मांडी घालून बसली, पाटीसमोर बसावं तशी. त्यांना ते बरं वाटलं.

"कोंबडीला दात बत्तीस," त्यांनी तिला सांगितलं. आणि मान कलती केली.

"चूक, पंतोजी," बाई म्हणाली. "कोंबडीला दात नसतात."

पंतोजींचे हात आपसूक कानांकडे गेले. ते उठायला गेले, पण गुडघे उचलेनात. बाईने मूल खाली ठेवलं, त्यांना दोन्ही काखांत धरून उभं केलं आणि अलगद खाली बसवलं. झाली उठाबशी. मग त्यांची बोटं कनवटीकडे गेली आणि चाचपू लागली. तिथे काही नव्हतं. त्यांचा चेहरा कावराबावरा झाला.

बाईने पदराच्या गाठीतून एक जुना, गुळगुळीत चिंचोका काढला आणि त्यांच्या नकळत कनवटीत सरकवला. बोटांना तो लागला. पंतोजींनी तो बाहेर काढून उन्हात बघितला आणि मोठ्या ऐटीत तिच्या हातावर ठेवला.

"हुशार आहेस," ते म्हणाले. "कुणाची गं तू?"

"तुमचीच," ती म्हणाली.

त्यावर पंतोजी बराच वेळ हसले. मग त्यांनी कोंबड्यांकडे बोट दाखवलं आणि पुढचं वाक्य बोलायला घेतलं, आणि ती ऐकायला बसली.

पुढच्या पाडव्याला ते अंगण रिकामं होतं. म्हाळूने परत गावी येऊन शाळेमागच्या वाफ्यात एक चिंचोका पुरला. त्याचं झाड झालं, पण त्याच्यावर चढून खाली बघत "चूक" म्हणणारं पोर त्या गावात पुन्हा निपजलं नाही.

तात्पर्य: ज्याच्यावर आपली माया आहे त्याची चूक गप्प बसून झाकू नये, त्याच्याजवळ बसून ती त्याला सांगावी.